यूएफसी-८५ : युरियाच्या दाण्याला बळ देणारे द्रावण कारखान्यात कसे बनवायचे आणि कसे वापरायचे

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातल्या खताच्या गोदामात तळातल्या थराची युरियाची गोणी उचलून बघा. आत दाणे सुटे असतील, तर कुठेतरी एका कारखान्यात कुणीतरी काम चोख केले आहे. युरिया पाण्याचा मोठा लोभी. ३० अंश सेल्सिअसला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतला ओलावा ओढू लागतो आणि दाण्याचा पृष्ठभाग किंचित विरघळतो. हवा जरा कोरडी झाली की त्याच जागी पुन्हा स्फटिक धरतात आणि शेजारच्या दाण्याला चिकटतात. पावसाळ्यात कोकणात ही आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्के असते. वरून थप्पीचे वजन. मग गोणीत खताऐवजी ढेकूळ निघते, आणि शेतकऱ्याला ते फोडून टाकावे लागते.

यावरचा जगभर रुळलेला उपाय म्हणजे युरियाचे दाणे पाडण्याआधी, तो वितळलेल्या अवस्थेत असतानाच, त्यात थोडे फॉर्मल्डिहाइड मिसळणे. तयार मालात त्याचे प्रमाण साधारण ०.२ ते ०.५५ टक्के असते. प्रिलिंग टॉवरच्या, म्हणजे उंच मनोऱ्यातून वितळाचे थेंब पाडून बनवलेल्या दाण्याला कमी; ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे थरावर थर चढवून वाढवलेल्या दाण्याला जास्त. हे फॉर्मल्डिहाइड युरियाशी जोडले जाऊन मेथिलीन डाययुरिया बनते. त्यामुळे दाणा कठीण होतो, धूळ कमी उडते आणि दाणे एकमेकांना कमी चिकटतात. पण बाजारात मिळणारे ३७ टक्क्यांचे फॉर्मॅलिन वापरले, तर त्याच्याबरोबर ६० टक्क्यांच्या आसपास पाणी आणि स्थिर ठेवण्यासाठी घातलेले मिथेनॉलही वितळात जाते. ते पाणी पुन्हा व्हॅक्यूमखाली उडवावे लागते. म्हणून खत उद्योग यूएफसी-८५ वापरतो. यूएफसी म्हणजे युरिया फॉर्मल्डिहाइड कॉन्सन्ट्रेट. १०० किलोत ६० किलो फॉर्मल्डिहाइड, २५ किलो युरिया आणि फक्त १५ किलो पाणी. नावातले ८५ म्हणजे पहिल्या दोहोंची बेरीज.

रासायनिक उद्योगात काम करणारे डिप्लोमाधारक, प्लँट ऑपरेटर, एमआयडीसीत असा प्रकल्प उभा करू पाहणारे उद्योजक आणि युरिया प्लँटमध्ये यूएफसी घेणारे इंजिनिअर यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा प्रत्येक आकडा तिच्याभोवती फिरतो. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र आले की त्यांची ओढ रेझिन बनण्याकडे असते. प्लायवूडचा डिंक याच जोडीतून होतो. आपल्याला मात्र ही अभिक्रिया मेथिलॉल युरियाच्या, म्हणजे फॉर्मल्डिहाइड युरियाला नुसते जोडले गेले आहे पण साखळी बनलेली नाही अशा पायरीवर अडवून ठेवायची आहे, टाकीत, टँकरमध्ये, पाइपात, थेट युरियाच्या वितळापर्यंत. यूएफसी बनवण्याचे कसब या अडवून ठेवण्यात आहे.

आधी कागदावर हिशेब

यंत्रसामग्रीचे कोटेशन मागवण्याआधी वस्तुमानाचा ताळेबंद स्वतः मांडा. दिवसाला २,००० टन युरिया काढणारा कारखाना ०.४५ टक्के फॉर्मल्डिहाइड वापरतो असे धरू. म्हणजे रोज ९ टन फॉर्मल्डिहाइड, अर्थात ९ भागिले ०.६० बरोबर १५ टन यूएफसी-८५. एक मोठा युरिया कारखाना एवढा माल घेतो.

आता १०० किलो यूएफसीमागे बघा. ६० किलो फॉर्मल्डिहाइड म्हणजे २ किलोमोल. मिथेनॉलच्या एका रेणूपासून फॉर्मल्डिहाइडचा एकच रेणू मिळतो, त्यामुळे सिद्धांताने ६४ किलो मिथेनॉल पुरावे. प्रत्यक्षात लोह-मॉलिब्डेट उत्प्रेरकावर ९२ ते ९५ टक्के उत्पन्न मिळते, म्हणून ६८-६९ किलो धरा. युरिया २५ किलो.

नवा माणूस अडतो तो पाण्याच्या हिशेबात, म्हणून तो सावकाश मांडू. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणात फॉर्मल्डिहाइडच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचाही एक रेणू तयार होतो. २ किलोमोल फॉर्मल्डिहाइडबरोबर ३६ किलो पाणी. युरिया ६५ टक्क्यांच्या द्रावणात दिला तर त्याबरोबर आणखी साडेतेरा किलो. झाले जवळपास ५० किलो. मालात मात्र जागा १५ किलोचीच! उरलेले ३४-३५ किलो पाणी वाफेच्या रूपात शोषण स्तंभाच्या माथ्यावरून वायूबरोबर बाहेर जायला हवे. त्याला दुसरी वाट नाही. स्तंभाच्या माथ्याचे तापमान काय ठेवायचे, हे या एका हिशेबावर ठरते.

यात पावसाळा भर घालतो. १०० किलो यूएफसीला साधारण २७५ किलो ताजी हवा लागते असे धरले, तर फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेबरोबर अडीच-तीन किलो पाणी आत येते. जुलैतल्या दमट हवेबरोबर सहा-सात किलो. वरचे चार किलो लहान वाटतात, पण मालात एकूण पाणीच १५ किलो आहे. उन्हाळ्यातल्या सेटिंगवर पावसाळ्यात प्लँट चालवला, तर माल ८५ ऐवजी ८२-८३ चा निघू लागतो आणि लॅब उगाच युरियाच्या पंपाला दोष देते. ऋतू बदलला की ताळेबंद नव्याने मांडायचा.

कच्चा माल: तीन वस्तू, तिन्हींत खोच

मिथेनॉल ९९.८५ टक्के शुद्ध घ्या, पाणी ०.१ टक्क्याच्या आत. भारतात लागणारे बहुतेक मिथेनॉल जहाजाने येते, कांडला किंवा जेएनपीटीसारख्या बंदरांत उतरते, टाक्यांत थांबते आणि टँकरने कारखान्यात पोचते. या प्रवासात सोडियम किंवा क्लोराइड मिसळले तर ते उत्प्रेरकाच्या मुळावर येते. सोडियम त्याची निवडक्षमता मारते. क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला भोके पडतात. म्हणून प्रत्येक टँकरचा नमुना घ्या, क्लोराइड आणि वाहकता तपासा, आणि मगच नळी जोडा.

युरिया तांत्रिक प्रतीचा हवा. ज्यात आधीच फॉर्मल्डिहाइड मिसळले आहे असा नको आणि कडुनिंब लावलेला तर मुळीच नको. निंबोळीच्या तेलाने स्तंभात फेस होतो, ट्रे तुंबतात, माल पिवळट येतो. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: शेतीसाठी अनुदानावर मिळणारा युरिया कारखान्यात वापरणे हा खत नियंत्रण आदेश १९८५ आणि जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ यांखाली गुन्हा ठरतो. स्वस्तात मिळतो म्हणून कुणी गोण्या आणून देत असेल, तर त्याला फाटकाबाहेरच थांबवा. तो युरिया कुणाच्या तरी शेतातून आलेला असतो.

तिसरी वस्तू पाणी. खनिजे काढलेले, म्हणजे डीएम वॉटरच लागते. युरियाचे द्रावण बनवताना टाकीला मंद उष्णता द्यावी लागते, कारण युरिया विरघळताना थंडावा करतो. पण तापमान ५०-६० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटू लागतो. हा अमोनिया पुढे फॉर्मल्डिहाइडला पकडून हेक्झामिन बनवतो आणि तेवढे फॉर्मल्डिहाइड हिशेबातून नाहीसे होते.

परवान्यांचे थोडक्यात. पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेतल्या कृत्रिम सेंद्रिय रसायनांच्या गटातून लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कारखाना अधिनियम १९४८ खालची नोंदणी आणि मिथेनॉल साठवण्या-वापरण्याचा परवाना हे सगळे जमीन घेण्याआधी तपासून ठेवा.

पहिला टप्पा: मिथेनॉलचे फॉर्मल्डिहाइड

फॉर्मल्डिहाइड काढण्याच्या दोन रुळलेल्या पद्धती आहेत. चांदीच्या उत्प्रेरकावर साधारण ६०० ते ७२० अंशांना चालणारी पद्धत जुनी आणि मजबूत आहे, पण तिच्या मालात मिथेनॉल उरते, ते काढायला ऊर्ध्वपातन लागते. यूएफसीसाठी मी लोह-मॉलिब्डेट ऑक्साइडचीच पद्धत निवडीन. तिच्यात मिथेनॉलचे रूपांतर ९८-९९ टक्क्यांपर्यंत जाते, मालात मिथेनॉल नगण्य उरते, आणि वायू थेट युरियाच्या द्रावणात शोषून घेता येतो. उद्योगात ही पद्धत 'फॉर्मॉक्स' नावाने प्रसिद्ध आहे.

ब्लोअर ताजी हवा आणि शोषण स्तंभातून परत आलेला वायू एकत्र ढकलतो. परतीचा वायू घ्यायचे कारण सुरक्षेचे आहे. मिथेनॉलची वाफ हवेत ६ ते ३६ टक्के या पट्ट्यात पेट घेते. नुसत्या हवेवर चालायचे तर मिथेनॉल ६ टक्क्यांच्या आसपासच अडवावे लागते. परतीच्या वायूने मिश्रणातला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आसपास उतरवला की ते स्फोटक राहत नाही आणि मिथेनॉल ८-१० टक्क्यांपर्यंत नेता येते. तेवढ्याच नळ्यांतून जास्त माल निघतो. म्हणून ऑक्सिजनचा विश्लेषक या प्लँटचा पहारेकरी आहे. तो एकच बसवून भागत नाही. दोन असावेत, त्यांच्या वाचनात फरक पडला की मिथेनॉलचा पुरवठा आपोआप तुटावा, आणि ही तोडणी हाताने बंद करण्याची सोय पॅनेलवर कुणालाच नसावी.

मिथेनॉलची वाफ होते आणि मिश्रण नळ्यांच्या अभिक्रियापात्रात शिरते. हजारो उभ्या नळ्या, आत कड्यांच्या आकाराचा उत्प्रेरक, बाहेरून उकळते उष्णतावाहक तेल. अभिक्रिया भरपूर उष्णता सोडते: एका मोलमागे सुमारे १५९ किलोज्यूल, म्हणजे एक टन मिथेनॉलमागे जवळपास ५ गिगाज्यूल. तेल ती उष्णता उचलते आणि पुढे वाफ बनवते. तेलाचे तापमान साधारण २५० ते २९० अंशांत असते, पण नळीच्या आत ठरावीक उंचीवर ३५० अंशांच्या वर जाणारा सर्वांत तप्त पट्टा असतो. त्याच्यावर नजर ठेवा. तो ४०० अंशांकडे सरकू लागला की उत्प्रेरकातले मॉलिब्डेनम उडून खालच्या थंड भागात बसते, नळ्यांतला दाब वाढतो, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढल्याने उत्पन्न घसरते. उत्प्रेरक जुना होतो तसा हा पट्टा खाली सरकत जातो. रोज एकाच वेळी काही ठरलेल्या नळ्यांचे तापमान नोंदवून त्याचा आलेख ठेवला, तर उत्प्रेरक कधी बदलायचा हे आधीच कळते.

सुरुवात करण्याचा क्रम असा ठेवा, आणि तो पॅनेलजवळ मोठ्या अक्षरांत लावा:

१. शोषण स्तंभातली फिरती द्रावणे आणि त्यांचे थंडावक चालू करा. वायू शोषून घ्यायला कुणी तयार नसताना वायू बनवायचा नाही.
२. उष्णतावाहक तेल विजेच्या हीटरने तापवा आणि पात्र समान तापले आहे याची खात्री करा.
३. ब्लोअर चालू करून हवा आणि परतीचा वायू फिरवा. ऑक्सिजनचे वाचन स्थिरावू द्या.
४. मिथेनॉल अगदी कमी प्रमाणात सोडा. नळ्यांत तापमान चढलेले दिसले तरच अभिक्रिया पेटली आहे.
५. तापमान चढले नाही तर मिथेनॉल वाढवून बघू नका. तोडा, हवेने पात्र साफ करा आणि कारण शोधा.
६. पेटल्यावर प्रमाण छोट्या पायऱ्यांनी वाढवा. दर पायरीला तप्त पट्टा स्थिरावेपर्यंत थांबा.

पाचव्या पायरीवर घाई करण्याचा मोह फार होतो, कारण उत्पादन रखडलेले असते. न जळलेले मिथेनॉल पात्रात साचत गेले आणि मग पेटले, तर सुरक्षेच्या चकत्या फुटण्याची वेळ येते.

दुसरा टप्पा: शोषण स्तंभ

अभिक्रियापात्रातून येणारा वायू थंड करून स्तंभाच्या तळाशी जातो. वरून युरियाचे द्रावण उतरते. वायू वर चढताना त्यातले फॉर्मल्डिहाइड युरियाला धरून मोनो, डाय आणि ट्राय मेथिलॉल युरिया बनवते. तळाशी पोचेपर्यंत द्रावण ६० टक्के फॉर्मल्डिहाइडचे झालेले असते. मोलच्या भाषेत युरियाच्या एका रेणूमागे फॉर्मल्डिहाइडचे सुमारे ४.८ रेणू. एवढे सगळे युरियाला धरू शकत नाहीत, म्हणून काही फॉर्मल्डिहाइड पाण्याशी आणि मेथिलॉल गटांशी सैल बांधलेले राहते. नुसत्या पाण्यात ६० टक्के फॉर्मल्डिहाइड घेतले, तर ते थंड होताच पॅराफॉर्मल्डिहाइडचा पांढरा घट्ट थर धरते. युरियामुळे ते साध्या तापमानाला द्रवरूप राहते.

इथे तीन लगामांनी गाडी हाकायची आहे.

पहिला लगाम पीएचचा. माल साधारण ७ ते ८.५ या पट्ट्यात हवा. फॉर्मल्डिहाइडमधून थोडे फॉर्मिक आम्ल नेहमीच बनत असते, त्यामुळे पीएच घसरण्याकडे कल असतो. तो ५ च्या खाली गेला की मेथिलॉल गट एकमेकांना जोडले जाऊ लागतात, द्रावण आधी धुरकट आणि मग दाट होते, आणि शेवटी स्तंभाच्या तळाशी रेझिन बसते. ते छिन्नीने काढावे लागते. उलट पीएच वाढवायला घातलेला कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) जास्त झाला आणि पीएच ९-१० च्या वर गेला, तर फॉर्मल्डिहाइड स्वतःशीच अभिक्रिया करून मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्लाचे लवण देते. फॉर्मल्डिहाइड वाया जाते आणि पीएच पुन्हा खाली येऊ लागतो. मग ऑपरेटर आणखी कॉस्टिक घालतो आणि चक्र चालू राहते. कॉस्टिक पातळ करून, लहान पंपाने, फिरत्या द्रावणात सतत द्या. बादलीने कधीही नाही. पीएचचे इलेक्ट्रोड या दाट द्रावणात लवकर आळशी होतात. दर शिफ्टला नमुना काढून, ठरलेल्या प्रमाणात पाण्याने पातळ करून, २५ अंशांना लॅबच्या मीटरवर पडताळा घ्या.

दुसरा लगाम तापमानाचा. शोषणही उष्णता सोडते, म्हणून प्रत्येक विभागाचे द्रावण उष्णता विनिमयकातून फिरवून थंड करावे लागते. पण तळाचा विभाग फार थंड केला की पॅराफॉर्मल्डिहाइड धरते. तो साधारण ६०-७० अंशांना, कोमट आणि वाहता ठेवा. माथ्याचे तापमान पाण्याच्या ताळेबंदातून ठरते: ३४-३५ किलो पाणी बाहेर नेण्याइतकी वाफ वायूत मावली पाहिजे. वरच्या उदाहरणाचे गणित केले तर माथा ६० अंशांच्या आसपास येतो. दाब, हवेचा ओलावा आणि परतीच्या वायूचे प्रमाण यांनुसार तुमचा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. एवढ्या कोमट माथ्यावर नुसत्या पाण्याने फॉर्मल्डिहाइड नीट धरले गेले नसते. युरिया ते रासायनिकदृष्ट्या बांधतो, म्हणून हे शक्य होते. माथा गार केला तर माल पातळ होतो. फार गरम केला तर फॉर्मल्डिहाइड वायूबरोबर निसटते.

तिसरा लगाम प्रमाणाचा. युरियाचे द्रावण मिथेनॉलच्या प्रवाहाला जोडून द्या, म्हणजे मिथेनॉल कमी-जास्त झाले की युरियाही त्याच पटीत बदलेल. दोन्ही प्रवाहमापक वस्तुमान मोजणारे असावेत. युरियाच्या द्रावणाची घनता टाकीगणिक तपासा. ६५ टक्के समजून ६२ टक्क्यांचे द्रावण गेले, तर युरिया कमी आणि पाणी जास्त अशी दोन्हीकडून चूक होते.

माथ्यावरून निघालेल्या वायूचा एक भाग परत ब्लोअरला जातो, उरलेला बाहेर. त्यात कार्बन मोनॉक्साइड, डायमेथिल ईथर, थोडे मिथेनॉल आणि फॉर्मल्डिहाइड असते. तो प्लॅटिनम-पॅलेडियम गटाच्या उत्प्रेरकावर जाळूनच चिमणीत सोडायचा. सुरुवातीचा खर्च कमी करण्यासाठी हा भाग पुढच्या वर्षावर ढकलण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका. शेजारच्या वस्तीला तो वायू रोज श्वासात घ्यावा लागेल.

माणसांचे रक्षण

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीची मर्यादा ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग) आहे. २० पीपीएमला जीवाला तात्काळ धोका मानतात. आणि नाकाला सवय होते, म्हणून 'वास येत नाही' हा पुरावा कधीही मानू नका. नमुना काढण्याची जागा बंद प्रकारची करा, पंपांना दुहेरी सील घ्या, आणि सेफ्टी शॉवर दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ ठेवा. मिथेनॉलची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. गळती असेल तिथे अग्निशमन पथकाला उष्णता दाखवणारा कॅमेरा द्या.

लॅबमध्ये काय मोजायचे

मालाचा करार बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड ६० टक्के अधिक-उणे अर्धा, युरिया २५ टक्के अधिक-उणे अर्धा, मिथेनॉल ०.३ टक्क्यांच्या आत आणि पीएच ठरलेल्या पट्ट्यात, असा असतो. युरिया नायट्रोजनवरून, केल्डाल पद्धतीने. मुक्त फॉर्मल्डिहाइड सोडियम सल्फाइटने, बर्फाच्या थंडाव्यात, म्हणजे चाचणीच्या वेळातच मेथिलॉल गट सुटत नाहीत. एकूण फॉर्मल्डिहाइडसाठी बांधलेले फॉर्मल्डिहाइड आधी मोकळे करून मोजावे लागते. दर तासाला एवढे करणे शक्य नसते, म्हणून शिफ्टमध्ये अपवर्तनांक आणि घनता घ्या. घनता १.३ च्या थोडी वर असते. ती उतरली की मालात पाणी वाढले आहे. चिकटपणा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. घनता जागेवर असून चिकटपणा दिवसागणिक चढत असेल, तर टाकीत रेणू जोडले जात आहेत. अशी टाकी आधी रिकामी करा. ताज्या मालात मिसळून लपवू नका, कारण मग ताजा मालही त्याच वाटेने जातो.

साठवण आणि टँकर

टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळे स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने माल तपकिरी पडतो आणि आम्लाने भिंत झिजते. २० ते ३५ अंशांत चांगला माल काही महिने टिकतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत थंडीपेक्षा उन्हाळाच त्रासदायक ठरतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उघड्यावरची टाकी सहज ४५ अंशांच्या वर जाते, तिथे सावली आणि निरोधक थर दोन्ही द्या. उत्तरेकडच्या कारखान्यांना जानेवारीत उलट काळजी: कोमट पाण्याची वेटोळी ठेवा, वाफेची नकोत, कारण वाफेच्या नळीला चिकटलेला माल तिथेच कडक होतो. टाकी आठवड्यातून एक-दोनदा फिरवा आणि दर पंधरा दिवसांनी पीएच बघा. टँकर आधी कशाचा होता हे विचारल्याशिवाय भरू नका. तळाला उरलेले थोडेसे आम्लही अख्खी खेप बिघडवते.

युरियाच्या वितळात मिसळताना

प्रिलिंगसाठी युरियाचे वितळ ९९.६-९९.८ टक्क्यांपर्यंत आटवलेले आणि १३८-१४० अंशांना असते, युरिया १३२.७ अंशांना वितळतो. यूएफसी कुठे सोडायचे यावर मतभेद दिसतात. फार आधी, पहिल्या बाष्पकाच्या (वितळातले पाणी उडवणाऱ्या पात्राच्या) अलीकडे सोडले, तर फॉर्मल्डिहाइडचा काही भाग वाफेबरोबर निघून प्रक्रियेच्या सांडपाण्यात जातो आणि तिथे जलशुद्धीकरणाला त्रास देतो. अगदी शेवटी सोडले, तर मिसळायला वेळ मिळत नाही आणि यूएफसीतले १५ टक्के पाणी दाण्यात राहते. माझा कल शेवटच्या बाष्पकाच्या लगेच आधीच्या जागेकडे आहे: पाणी तिथेच उडते आणि वितळ पंपातून टॉवरच्या माथ्यापर्यंत जाईस्तोवर मेथिलीन डाययुरिया बनायला अवकाश मिळतो. हा अवकाश कृत्रिमपणे वाढवू नका. वितळ जितका वेळ तापलेले राहते तितका बाययुरेट हा पिकाला अपायकारक पदार्थ वाढतो, आणि खत नियंत्रण आदेशात युरियातल्या बाययुरेटची कमाल मर्यादा दीड टक्का आहे.

प्रमाणाचा हिशेब सरळ आहे. ०.३ टक्के फॉर्मल्डिहाइड हवे तर टनाला ५ किलो यूएफसी-८५, ०.५ टक्के हवे तर ८.३ किलो. डोसिंग पंप वितळाच्या प्रवाहाशी जोडा. युरिया प्लँटचा भार ७० टक्क्यांवर आला आणि यूएफसीचा पंप पूर्ण वेगातच राहिला, तर दाणे ठिसूळ होत नाहीत, पण पैसा आणि फॉर्मल्डिहाइड दोन्ही वाया जातात, शिवाय टॉवरवर वास सुटतो. उलट पंप अर्धा तास अडकला, तर त्या अर्ध्या तासाचा माल बेल्टवरून सायलोत जाऊन चांगल्या मालात मिसळतो आणि पुढे ढेकळे कुठल्या गोणीत निघतील ते सांगता येत नाही. पंप अडकल्याचा इशारा पॅनेलवर हवाच.

परिणाम कसा तपासायचा? एकाच आकाराचे, चाळून घेतलेले दाणे एकेक करून दाबून फोडा आणि सरासरी बळ नोंदवा, यूएफसी चालू असताना आणि बंद असताना. गोणीचीही चाचणी ठेवा: भरलेल्या काही गोण्या थप्पीच्या तळाशी, वजनाखाली, पावसाळ्यात महिना-दोन महिने ठेवून उघडा आणि चाळणीवर किती ढेकळे उरतात ते तोला. प्रयोगशाळेतल्या दहा आकड्यांपेक्षा ही चाचणी गोदामवाल्याला जास्त पटते.

एक गोष्ट विक्री विभागाला लेखी कळवा. यूएफसी मिसळलेला युरिया डिझेल गाड्यांच्या धुरावरील उपचाराच्या द्रावणासाठी देता येत नाही. त्या द्रावणाच्या आयएसओ २२२४१ मानकात अल्डिहाइड (फॉर्मल्डिहाइड याच गटातले) किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत लागतात. आपल्या दाण्यात फॉर्मल्डिहाइड हजारो मिलिग्रॅम असते. तांत्रिक प्रतीचा युरिया काढायचा असेल तेव्हा डोसिंग बंद करून पाइपलाइन पुरती धुऊन घ्या आणि मधला संक्रमणाचा माल वेगळा ठेवा.

बाहेरून कडुनिंब

भारतात २०१५ पासून शेतीसाठीचा देशी युरिया शंभर टक्के कडुनिंब-लेपित असावा लागतो. यूएफसी दाण्याच्या आत असते. निंबोळीचे तेल बाहेरून. दोघांची कामे वेगळी आहेत. यूएफसी दाण्याला घट्ट करते. निंबोळीच्या तेलातले कडू घटक जमिनीत अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात, शिवाय लेप लागलेला युरिया रेझिनच्या कारखान्यांना नकोसा होतो. तेलाचे किमान प्रमाण ०.०३५ टक्के आहे, टनाला ३५० ग्रॅम. दिवसाला २,००० टनांच्या कारखान्याला ७०० किलो, आणि फवाऱ्यात, बेल्टवर वाया जाणारे त्यावर.

लेप टॉवरखालच्या बेल्टवर, दाणे गार होऊन पसरलेले असताना, बारीक फवाऱ्याने द्या. तेल पाण्यात फेटून फवारणे सोपे पडते, पण ते पाणी दाण्यावरच बसते आणि यूएफसीने मिळवलेले अर्धे गमावते; म्हणून पाणी शक्य तितके कमी ठेवा. हिवाळ्यात निंबोळीचे तेल घट्ट होते, टाकी कोमट ठेवा, नाहीतर फवाऱ्याची तोंडे बंद होऊन बेल्टच्या एका बाजूचे दाणे कोरडेच जातात. नमुना बेल्टच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या पट्ट्यांतून वेगवेगळा काढा आणि बेंझिनमध्ये विरघळणारे तेल तिन्हींत स्वतंत्र मोजा. सरासरी ठीक असूनही एक पट्टा ०.०२ टक्क्यांवर असेल, तर त्या बाजूच्या फवाऱ्याचे तोंड उघडून साफ करा.